बैलाच्या मानेवरचे केस

पुण्याच्या एका प्रकाशकाला मी टॅबवर जनावरं काढून देतो. वाघ, हत्ती, एकदा तर पेंग्विनही. पुसेगावात बसून पेंग्विन काढणारा पहिला माणूस मीच असेन. गावाला त्याचं कौतुक नाही. तिथे मी 'मोबाईलवर म्हशी राखणारा'.

घरात दोघंच, मी आणि वडील. उन्हाळ्यात ते दवाखान्यात होते तेव्हा आमचा शेवटचा बैल मी त्यांना न विचारता विकला. म्हातारा लालकंधारी. मला वाटलं, शहाणपण केलं. घरी आल्यावर त्यांनी रिकामा गोठा बघितला आणि माझ्याशी बोलणं सोडलं. मी ताट वाढायचं, त्यांनी ते धुऊन पालथं घालायचं, एवढाच आमचा संवाद.

बैल पुढे कुठे गेला, व्यापाऱ्यालाही सांगता येईना. मग माझ्या डोक्यानं दुसरं शहाणपण काढलं: तोच हुबेहूब काढून द्यावा. फोटो एकच होता, पोळ्याचा, पाठीवर झूल आणि मान माळांनी झाकलेली. महिनाभर एकेक केस ओढला. पोटाकडे रंग फिका केला, कपाळावर भोवरा काढला, नाकपुडीला ओल आणली. फोटोत मान दिसत नव्हती, ती अंदाजानं भरली. झाल्यावर स्क्रीनला नाक लावून वाससुद्धा घेऊन बघितला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, वडील शेजाऱ्याच्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळून आले आणि ओसरीवर टेकले. मी टॅब पुढे धरला.

बराच वेळ बघून म्हणाले, "कोणाचा हाय?"

"आपलाच."

"ह्याच्या मानंवर तर एकदाबी जू पडलेलं न्हाई."

खरंच. मानेवरच मी सगळ्यात दाट केस काढले होते, शाम्पूनं धुतल्यासारखे. जुवानं पडलेल्या ज्या घट्ट्यावर लहानपणापासून दर खांदेमळणीला हळद चोळली, तो मी साफ विसरलो होतो.

तिथेच बसून केस खोडले. कातडी काळपट, जाड केली, भेगा पाडल्या. वडील वाकून बघत होते.

"डाव्या अंगाला वाढव. तिकडंच जोर लावायचा."

वाढवलं. मग त्यांनी अंगठा आणि बोटं मानेवर टेकवली आणि मळायला लागले. चित्र काचेखाली सरकलं, मोठं होत गेलं, शेवटी नुसता घट्टा उरला. ते मळतच राहिले. मग उठून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच, धुऊन पालथं घातलेलं ताट.

प्रकाशकाचा हत्ती अजून अर्धाच आहे. सोंडेपाशी आलो की काचेवरचा हळदीचा अंगठा आडवा येतो, आणि तो पुसायचा माझा धीर होत नाही.