नुसतं 'येतो' म्हणू नकोस

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या, आणि वेड्यासारखं मी विचारलं, "कुठं?" दत्तादा नव्वदी ओलांडलेला माणूस. मनाची तयारी असायला हवी होती. पण त्याच्या बाबतीत 'गेले' हा शब्द माझ्या कानाला बसत नाही, आजही बसत नाही. त्याचं कारण सांगायचं तर रॉटरडॅमपर्यंत जावं लागेल.

लालबागच्या आमच्या चाळीत दत्तादाची खोली आमच्या खोलीला लागून. त्याची आई, मी तिला मावशी म्हणायचो, गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. नवरा लवकर वारलेला, मुलगा एकुलता. मी त्या चाळीतला पहिला बी. ए.; हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगतो, आणि माझ्या फीसाठी सगळ्या मजल्याने झळ सोसली हेही सांगतो. दत्तादाने ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि गिरगावात एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायला लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या बंगल्यांची न्हाणीघरं काढायची आणि घरी येऊन मजल्याच्या एका नळावर रांग लावायची. कचेरीत परदेशी मासिकं यायची, त्यात त्याला रॉटरडॅम सापडलं. युद्धात बाँब पडून मधोमध साफ झालेलं, आणि आता नव्याने उभं राहिलेलं. तिथे कामगारालाही घरात स्वतःचा नळ मिळतो, असं त्यात छापलं होतं. झालं. स्वारीने तिथेच जायचं ठरवलं, एकट्याने. चाळीत चेष्टा झाली. लोक म्हणाले, विलायतेला निघालास तर लंडन बघ, पॅरिस बघ, हे कुठलं धरण काढलंस? त्याचा मामा मालबोटीवर स्वयंपाकी होता, त्याच्या ओळखीने सर्वांत स्वस्तातली जागा मिळाली.

निघायच्या दिवशी मावशीने हातावर दही घातलं. दत्तादा गडबडीत ट्रंक उचलून म्हणाला, "आये, जातंय." मावशीचा चेहरा पांढरा पडला. तिने त्याला उंबऱ्यातून परत आत घेतलं, पाटावर बसवलं, पुन्हा पाणी दिलं. "जातंय म्हणूचा नाय, मेल्या. येतंय म्हण." तो "येतंय" म्हणाला तेव्हा कुठे तिने वाट सोडली. पण मनातून ते काही गेलं नाही तिच्या. पुढचे कित्येक दिवस ती मला विचारायची, "आधी 'जातंय' म्हणाललो, ता लागता काय रे?" मी कॉलेजातला शहाणा, असलं काही नसतं म्हणायचो.

रॉटरडॅममध्ये तो एका विधवा बाईच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहिला. कॉर्नेलिया तिचं नाव, आमच्या चाळीत ती पुढे कोराबाई झाली. ट्राम परवडत नसे म्हणून हा दिवसभर पायी. खिशात पाव, कोटाच्या आत वर्तमानपत्राचे कागद, कारण थंडी हाडापर्यंत. नव्या इमारतींसमोर उभं राहून खिडक्या मोजायचा, गाड्यांना बंदी असलेल्या बाजाररस्त्यातून उगीच दोनदा चालायचा, बंदरावर बसून पाव खायचा. आणि रोज सकाळी निघताना, आईचा धडा पक्का असल्यामुळे, बाईंना इंग्रजीत सांगायचा, "मी येतो." बाई बिचारी, आत्ता येईल म्हणून, किटली ठेवून थांबायची. हा उगवायचा अंधार पडल्यावर. असं काही दिवस चाललं आणि एका संध्याकाळी ती दारातच कडाडली. येतो म्हणतोस आणि निघून जातोस, ही कुठली रीत? दत्तादाने त्याच्या तोडक्या इंग्रजीत समजावलं, की आमच्यात घर सोडताना जातो म्हणत नाहीत, जातो ते माणूस मेल्यावर. ती खुर्चीत बसली. तिचा नवरा बाँब पडले त्या दिवशी घराबाहेर पडला होता. त्यानेही लगेच येतो म्हणून सांगितलं होतं. मग ती म्हणाली ते वाक्य दत्तादाने आम्हाला शंभरदा ऐकवलं असेल: "नुसतं येतो म्हणू नकोस. कधी, ते सांग."

त्यानंतर थोड्याच दिवसांत इकडे मुंबईत गोळीबार झाला. मुंबई महाराष्ट्राला मिळायची चिन्हं नव्हती आणि अख्खं गिरणगाव रस्त्यावर होतं. आमच्या चाळीच्या तोंडाशी अश्रुधूर, खाली पोलिसांच्या गाड्या, वर खिडक्यांना गाद्या लावलेल्या. आणि मावशी? तिला खालच्या गोळ्यांचं काही नव्हतं, ती तिकडच्या बर्फाची काळजी करत बसलेली. तिकडे कोराबाईने पेपरातल्या चार ओळी वाचून दाखवल्या: बॉम्बे, पोलीस, गोळीबार, माणसं मेली. कुठे, कोण, काही नाही. लालबाग हे नाव छापायचं त्यांना काय कारण? दत्तादा दोन दिवस जिन्यात बसून राहिला. मग जेवणासाठी उरलेले पैसे तारेत घातले.

कर्फ्यू उठल्यावर तारवाला आला. चाळीत तार म्हणजे मरण, दुसरा अर्थच नाही. मजल्यावरच्या बायका दारात आल्या. मावशी भिंत धरून खाली बसली आणि म्हणाली, "वाच. जातंय म्हणाललोच तो." बी. ए.च्या वर्गातलं सगळं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे, ती एक ओळ मी तीनदा वाचली. "मावशी," मी म्हटलं, "तो तूच जिवंत आहेस का विचारतोय." ती म्हणाली, "माका काय धाड भरली?" ... आणि मग पदर तोंडाला लावून रडली. उत्तराचा मजकूर तिनेच सांगितला: सगळी बरी आसत म्हणून लिव, आणि कधी येतलो, ता इचार. मी तसंच इंग्रजीत पाठवलं. ती तार वाचून कोराबाई हसली म्हणे. तुझी आईही तेच विचारते, म्हणाली.

पैसे संपल्याने तो ठरल्याआधीच परतला. कोराबाईच्या दारातून निघताना मात्र त्याची पंचाईत झाली. येतो म्हणावं तर ती कधी विचारणार, आणि खरं उत्तर 'कधीच नाही' हे होतं. जातो म्हणायला जीभ वळेना. शेवटी ट्रंक उचलून तो एक अक्षर न बोलता जिना उतरला. वरून तिची हाक ऐकू आली, पण तो वळला नाही. हे त्याला आयुष्यभर टोचत राहिलं. पुढे त्याच्या करी रोडच्या घरून आपण निघालो की तो लिफ्टपर्यंत यायचा आणि वार ठरवून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. माणसं वैतागायची. मीही वैतागलोय.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. लेक आदल्याच दिवशी पुण्याला परतली होती, घरात त्या एकट्याच, आणि भिंतीवर दत्तादाचा हार घातलेला फोटो. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, मुकाट्याने चपला घालायच्या. मी तेच केलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. वहिनी दारात आल्या.

"भाऊजी, काही न बोलता निघालात?"

"वहिनी, अशा वेळी..."

"ठाऊक आहे मला. तरी सांगा."

मी म्हटलं, बुधवारी येतो. चहाला. त्यांनी मान हलवली आणि दार लोटलं. लिफ्ट यायला वेळ लागला. बंद दाराआड वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "बुधवारी यायचेत हो ते."