दोघांपुरता भात

हॉस्टेलच्या मेसमधून निवृत्त झालेल्या आचाऱ्याचा हात काही केल्या आखडेना. जन्म गेला दोनशे पोरांसाठी रांधण्यात. घरी भात टाकला की पातेलं काठोकाठ. उरलेला बायको निमूटपणे संपवायची. एकदा म्हणाली, "अहो, आपण दोघंच आहोत." तेवढ्यावरून हा गडी कॉलेजातल्या प्रौढांच्या अंकगणिताच्या वर्गात जाऊन बसला, भागाकार शिकायला.

बाईंनी विचारलं, "बारा पाव, चार माणसं. प्रत्येकाला किती?"

"आधी विचारावं लागेल, कोणाला किती भूक आहे ते."

वर्ग हसला. "गणितात सगळ्यांची भूक सारखीच धरायची, काका," बाई समजुतीनं म्हणाल्या. ते त्याला पटलं नाही, पण भागाकार मात्र जमला.

त्या संध्याकाळी त्यानं तांदूळ मोजून घेतले. जेवणं झाली तेव्हा पातेल्यात शीतही उरलं नव्हतं. हिशेब चोख आला, पण आचाऱ्याचा चेहरा उतरला. मेसमध्ये पातेल्यात असा खडखडाट झाला, की कुणीतरी उपाशी राहिलेलं असायचं.

"पोट भरलं ना गं तुझं?" त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं.

"भरलं हो." ताटं उचलता उचलता ती थांबली. "पण उद्या मूठभर जास्तच टाका. मला सकाळी शिळा भात लागतो."