मोरेश्वरभाऊ आणि म्हाताऱ्याचे एकोणतीस सिनेमे

मी एका आंधळ्या माणसाशी खोटं बोलले होते.

त्या माणसाला जाऊन आज एक वर्ष झालं.

मोरेश्वरभाऊ. माजरीच्या कोळसा खाणीत फिटर होते, माझ्या बाबांच्याच शिफ्टला. त्यांचं क्वार्टर आणि आमचं क्वार्टर, मध्ये फक्त एक भिंत.

तरुणपणी कॉलनीच्या क्लबात त्यांनी व्हीसीआरवर एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. एकच. सबटायटल नाही, काही नाही.

"भाषा समजली नाई, पोरी. पन मानूस समजला."

मानूस म्हणजे हिरो नाही. दिग्दर्शक. त्याचं नाव भाऊंनी खाणीच्या डायरीत मराठीत लिहून ठेवलं होतं. चुकीचं लिहिलं होतं, पण मला कळलं.

भाऊ रिटायर झाले, मी तोवर वरोऱ्याला शाळेत शिक्षक म्हणून लागले होते. एकदा मी त्यांना मोबाईलवर दाखवलं, त्या दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे आता घरबसल्या मिळतात.

"सगळे? पहिल्यापासून?"

"एकोणतीस आहेत भाऊ."

"चाल मंग. लाईनीनं पाहू."

पहिला सिनेमा संपल्यावर भाऊ पाऊण तास बोलत होते. मी गुपचूप रेकॉर्ड केलं.

"हे काय करून राह्यली तू?"

"पॉडकास्ट."

"म्हंजे रेडिओच नं?"

"हो. पण आपला."

असं सुरू झालं. दर रविवारी दुपारी, त्यांच्या स्वयंपाकघरात. आवाज नको म्हणून फ्रिज बंद, मे महिन्यात पंखासुद्धा बंद. शकुंतलाकाकू कपाळाला हात लावून बाहेर जाऊन बसायच्या. खाणीत ब्लास्टिंगची वेळ झाली की भाऊ बोट वर करायचे. "थांब. फुटू दे." भांडी थरथरायची, मग आम्ही पुढे.

दिग्दर्शकाला ते 'आपला म्हातारा' म्हणायचे. पहिल्या सिनेमाच्या वेळी तो म्हातारा सव्वीस वर्षांचा होता, तरीही.

ऐकणारे मोजकेच. पण गडचिरोलीकडच्या, जंगलातल्या एका गावातून एका शिक्षकाचा मेसेज आला, की रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढतो आणि एपिसोड डाउनलोड करतो. भाऊंनी तो मेसेज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

पंधराव्या सिनेमाला भाऊ म्हणाले, "टीव्ही पुस नं. धूळ बसली."

मी पुसला.

"अजून पुस."

टीव्ही स्वच्छ होता.

शुगर डोळ्यांत उतरली होती. नागपूरला इंजेक्शनं झाली, लेझर झालं. उपयोग झाला नाही. होळीपर्यंत त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा.

"बंद कर आता हे," म्हणाले. मी बंद केलं.

दोन महिने रविवार नुसते आले आणि गेले.

मग एका दुपारी काकूंच्या खांद्यावर हात ठेवून भाऊ आमच्या दारात.

"म्हाताऱ्याचे चौदा बाकी हायेत. तू पाह्य, मले सांग."

मला सांगता येईना. मी म्हणायचे, तो दारात उभा आहे.

"कसा उभा हाय?"

"उभा आहे भाऊ, कसा म्हणजे?"

"घाईत हाय का थकून हाय? हात कुठी हायेत त्याचे?"

शिक्षक मी, पण बघायला त्यांनी मला शिकवलं. आणि खरं सांगू? तेच एपिसोड लोकांनी जास्त ऐकले.

एकोणतिसावा लावला तेव्हा भाऊंचं हृदयही थकलेलं होतं. डॉक्टरांनी जिना बंद केला होता.

सिनेमाच्या शेवटी एक म्हातारा स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या मरतो. मी पडद्याकडे बघितलं, मग भाऊंकडे.

आणि म्हटलं, "गाडी आली. तो उठला. चढला."

शेवटचं गाणं संपलं.

"खोटं सांगून राह्यली तू."

"नाही भाऊ."

"मंग बाजा असा काऊन वाजून राह्यला? माहे डोळे गेले, अक्कल नाई गेली!" त्यांचा आवाज मी कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "चौदा सिनेमे तुह्या डोळ्यानं पाहून राह्यलो मी. आता मी कोनावर भरोसा ठेवू?"

मी रडले. मग सिनेमा मागे घेतला आणि तो शेवट पहिल्यापासून सांगितला. हात सुटला. टोपी घसरली. गाडी आली, थांबली, गेली.

"एकटाच होता का?"

"बाकाच्या टोकाला एक बाई होती. तिला कळलंच नाही."



"बसली होती नं पन बाजूले."

त्यानंतर महिनाभरात भाऊ गेले. मी ब्रह्मपुरीला ट्रेनिंगला होते. काकूंचा फोन आला, "बाई, भाऊ सिरीयस हायेत, येऊन जा."

आपल्याकडे आधी असंच सांगतात.

मी म्हटलं, "काकू, जसं आहे तसं सांगा."

त्यांनी सांगितलं.

बस मिळेना, मग शेअर जीप, मग पुन्हा बस. पोचले तोवर सगळं झालं होतं. अंगणात खुर्च्या उचलत होते.

तो शेवटचा एपिसोड मी वर्षभर टाकला नव्हता. आज टाकलाय. माझं खोटं, त्यांचं चिडणं, माझं रडणं, मधलं ब्लास्टिंग, काहीच कापलेलं नाही.

मागच्या महिन्यात चंद्रपूरला सिनेमाला गेले होते. बाजूची बाई वळून म्हणाली, "ताई, चूप बसा नं. आम्हाले दिसते."

मला कळलंही नव्हतं मी बोलतेय.

भाऊ, फार आठवण येते.

जय भीम.