अर्धा कोयता

मुकादमाने माझ्या डोक्यावरचा पदर मागे ओढला. केस नुकतेच उगवत होते, कापलेल्या बाजरीच्या खुंटांसारखे.

"हिला फडात काय बुजगावणं म्हनून उभं करतो व्हय रं?" त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं. दारात उभ्या त्याच्या जीपमधली माणसं हसली. नवरा खाली बघत राहिला.

दसऱ्यानंतर पाथर्डीकडच्या आमच्या गावांत मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या जमवत फिरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. अर्ध्याला कोणी विचारत नाही. मला शाळेतून उठवून लग्न लावलं, ते असाच एक कोयता पुरा करायला.

रक्ताच्या कर्करोगाने मला फडातून उठवलं. नगरच्या दवाखान्यातून घरी आले ती शिस्त घेऊनच. पाणी उकळून. ताप मोजून. तोंडाला मास्क. कच्चं, शिळं बंद. गोळी चुकवायची नाही. डॉक्टरांनी सगळ्यात जास्त बजावलं ते हे, की जखम होऊ द्यायची नाही, रक्त लवकर थांबणार नाही. मी विळीलाही हात लावत नव्हते. भाजी पोरगी चिरायची, मग शाळेत जायची. नववीला होती.

मुकादमाची नजर तिच्यावर गेली.

"ही हाय की. कर कोयता पुरा."

त्याने तिचं मनगट धरलं, तळवा उलटा केला, बोटं दाबून पाहिली. घोडेगावच्या बाजारात बैलाचे खूर बघतात तशी. पोरगी हात ओढत होती. मी मध्ये शिरले. त्याने मला ढकललं. उंबऱ्यावर तोंडावर पडले. ओठ फुटला. मास्क लाल झाला आणि हनुवटीवरून धार लागली.

नवरा एवढंच म्हणाला, "आण्णा, जाऊ द्या, आजारी हाय ती."

जाऊ द्या. पोरीचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं.

वळचणीला माझा कोयता खोचलेला होता. तो उपसला आणि सगळा जीव लावून जीपच्या बॉनेटवर घातला. पत्रा चिरला. हसणं बंद झालं.

"हात सोड. पुढचा घाव पत्र्यावर न्हाई."

त्याने सोडला. जाताना म्हणत होता, क्यान्सरनं बाईचं डोकं फिरलंय.

नवऱ्याला आता काळजी, टोळीत कोण घेईल याची. मी ओठावर फडकं दाबलं, पोरीला दवाखान्याची फाईल, आधारकार्ड आणि पाण्याची बाटली घ्यायला लावलं. एसटीने पाथर्डी. आधी पोलीस ठाणं, रक्त न धुता. हवालदार म्हणाला, आधी उपचार घ्या. मी म्हणाले, आधी लिहून घ्या. लिहून झाल्यावरच दवाखान्यात गेले.

भावकी रोज येते. तक्रार मागे घे म्हणते, मुकादम आपलाच माणूस आहे म्हणते. नाही घेणार. पोरीला शाळेत मी सोडते, मास्क लावून, एसटीत शेजारी बसून. गावात तिच्या वयाच्या अजून पोरी आहेत. त्यांच्या दारात जीप थांबली की मी तिथे जाणार.

ज्याला अंगावर यायचंय, त्याने यावं.