डोंगर आमच्या साडूंशी बोलतो

आमच्या साडूंइतका चालणारा माणूस सोलापूर शहरात आजवर झालेला नाही, आणि माझ्या मनातले विचाराल तर पुन्हा होऊही नये. आमच्या गावाला डोंगर म्हणून दाखवायला काही नाही. किल्ल्याच्या बुरुजावर चढले तरी लोकांना धाप लागते आणि खाली उतरून ते आधी लिंबाचे सरबत शोधतात. अशा सपाट गावात, गिरणीच्या कापूस पिंजायच्या खात्यात जॉबरकी, म्हणजे मुकादमीच, करणाऱ्या माणसाला दर दिवाळीच्या सुटीत सगळे बिऱ्हाड घेऊन सह्याद्रीत पायी हिंडायची हौस आली, तर येवो बापडी. पण त्या बिऱ्हाडात ते माझेही बिऱ्हाड धरतात, ही माझी तक्रार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे नाते परमेश्वराने मुळी तुलनेसाठीच निर्माण केले असावे. आमच्या घरात भाजी खारट झाली तरी "भाऊजी असते तर दोन घास जास्त खाल्ले असते" असे ऐकू येते. मी कोर्टात कारकून आहे, माझे अक्षर जिल्ह्यात नावाजलेले आहे, पण अक्षराने डोंगर चढता येत नाही.

दिवाळीचा फराळ डब्यात भरला की साडू दारात उभे. "काय साडूभाऊ, चलायचं की?" मी कोर्टातल्या कामाचे काही सांगू लागेपर्यंत आमच्या सौभाग्यवतींनी कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधलेली असते आणि आमची लेक सुमन साडूंच्या हाताला लोंबकळत असते. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, लहान गाडीने मिरजेकडे जायचे, वाटेत सांगोल्याच्या स्टेशनात एखाद्या घोंगडीवाल्याशी साडूंची जुनी ओळख निघायची, मग कऱ्हाड, मग घाटाच्या पायथ्यापर्यंत मोटार आणि तिथून पुढे पाय. कोयनेच्या अंगाला डोंगरमाथ्यावर धनगरांच्या वस्त्या आहेत. चार छपरे इथे, चार पलीकडच्या पठारावर. सकाळी एका वस्तीवरून निघायचे, दिवस मावळायच्या आत दुसरी गाठायची, आणि त्या छपरात, कुडाच्या एका बाजूला म्हशी आणि दुसऱ्या बाजूला आपण, असे निजायचे. साडूंचे वडील एके काळी या घाटात रस्त्याच्या कामावर मुकादम होते, त्यामुळे साडूंना तिथली प्रत्येक म्हातारी लहानपणापासून ओळखते. मला मात्र ती दर वर्षी नव्याने विचारते, "ह्ये कोन पावनं?"

आता साडूंच्या भोंग्याविषयी सांगितले पाहिजे. सोलापुरात आम्ही सगळे गिरणीच्या भोंग्यावर जगतो; पहिल्याला उठतो, दुसऱ्याला आंघोळ, तिसऱ्याला गिरणीचे फाटक लागते. साडू ही व्यवस्था डोंगरात घेऊन आले आहेत. पहाटे ते छपराबाहेर उभे राहतात, दोन्ही तळहात तोंडाभोवती धरतात आणि थेट पोटातून असा भोंगा काढतात की म्हशी दावे ओढू लागतात. बायका हसत उठतात, पोरे किंचाळत उठतात, मी कपाळाला आठ्या घालून उठतो. तिसरा भोंगा झाला की जो तयार नसेल त्याने दिवसभर भांड्यांची गोणी वाहायची, असा नियम. ही गोणी बहुतेक माझ्याच पाठीवर असते. एकदा मी वैतागून म्हटले, "अहो, सुटी आहे ना?" तर ते अगदी मनापासून म्हणाले, "म्हनून तर भोंगा मी वाजवतोय की! गिरणीचा कुटं वाजतोय हितं?" सगळी मंडळी हसली. मला यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर ते सर्वांचे पाय तपासतात. एकेकाला दगडावर बसवायचे, तळवा मांडीवर घ्यायचा आणि करडीचे तेल लावून फोड आला आहे का ते बघायचे. स्वतःच्या बायकोचे पाय चारचौघांत हातात घेणारा पुरुष मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांना संकोच नाही, मेव्हणीला संकोच नाही, सगळा संकोच मला. कारण त्या वेळी आमच्या सौभाग्यवती माझ्याकडे बघतात. एके वर्षी मीही तेलाची वाटी मागून घेतली, तर त्या पाय आखडून म्हणाल्या, "राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं." आणि खरेच, मी त्यांच्या टाचेऐवजी त्यांच्या लुगड्यालाच अर्धी वाटी तेल पाजले.

पहिल्या वर्षी तर मी घरून पाणी नेले होते. यात हसण्यासारखे काय आहे ते सोलापूरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे माणूस शेजारच्या गावी निघाला तरी आधी पाणी भरून घेतो. वाटेत विहीर असेल, पण तिला पाणी असेल याची हमी कोण देणार? म्हणून मी पितळेची कळशी भरून, तोंडाला फडके बांधून, तीन गाड्या आणि एक मोटार सांभाळत डोंगरावर चढवली. वर पाहतो तो पावलापावलाला झरा. पोरे ओंजळीने पाणी उडवत होती आणि मी खांद्यावर कळशी घेऊन उभा. साडू हसले असते तर मी त्यांना कायमचे शत्रू मानून मोकळा झालो असतो. पण त्यांनी कळशी उतरवून घेतली, फडके सोडले, घोटभर पिऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "घरचं पानी ते घरचं पानी. साडूभाऊंनी लई चांगलं केलं बघा." मग सगळ्यांना त्यांनी एकेक घोट तीर्थासारखा दिला. सगळे म्हणाले, भाऊजी किती समजूतदार! पाणी वाहिले मी, आणि नाव झाले त्यांचे.

माझे कौतुक करायला गेले तरी हे असे. एका वस्तीवर त्यांनी मोठ्या अभिमानाने माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडू. कोर्टात असत्यात. मोठं काम हाय त्यांचं." झाले. धनगरीण आत गेली ती बाहेर येईना. लाकडाच्या मोळ्या छपरामागे गेल्या, कारभारी म्हशी वळायच्या निमित्ताने रानात गेला. त्यांना वाटले, जंगलातल्या लाकडाच्या दंडाचा कागद घेऊनच आलो आहे. शेवटी साडू चुलीपाशी जाऊन बसले, सोलापूरची शेंगाचटणी त्यांनी म्हातारीच्या हातावर ठेवली, तेव्हा कुठे दूध बाहेर आले. मला सर्वांच्या शेवटी मिळाले, तेही लांबून पुढे सरकवलेले.

पण हे सगळे मी सोसले असते. सोसवत नव्हती ती खिंड.

शेवटच्या वस्तीच्या जरा वर एक खिंड आहे. समोर काळ्या कड्याची भिंत. तिथे पोचले की साडू पोरांना ओळीने उभे करतात, कड्याकडे तोंड करून भोंगा देतात, आणि डोंगर उत्तर देतो. एकदा, मग लांबून पुन्हा, मग आणखी लांबून, दरीत विरघळत. पोरे टाळ्या पिटतात. मग प्रत्येकाची पाळी. पोरांच्या चिमण्या आवाजालाही डोंगर थोडेफार काही म्हणतो. माझ्या आवाजाला तो काहीही म्हणत नाही. कोर्टात जन्मभर हळू बोलायची सवय. त्यातून सगळे बघत असले की माझा आवाज घशातच सही-शिक्क्याची वाट बघत थांबतो. दर वर्षी मी ओरडायचो, आणि दर वर्षी वारा तेवढा वाहायचा. साडू म्हणायचे, "येतंय, येतंय, वाईच दम धरा." काही यायचे नाही. एके वर्षी सुमनने माझ्या धोतराचा सोगा ओढून विचारले, "बाबा, डोंगर काकांशी बोलतो, तुमच्याशी का नाही बोलत?" त्या दिवशी ती खिंडीतून खाली उतरली ती काकांचा हात धरून. मी मागून गोणी घेऊन आलो. लेक एवढीशी, पण वस्ती येईपर्यंत मी त्या दोन हातांकडेच बघत होतो.

पुढचे वर्षभर मी सराव केला. कोर्ट सुटल्यावर किल्ल्याच्या खंदकाकडे जायचे आणि भिंतीकडे तोंड करून भोंगा काढायचा. एकदा कपडे वाळत घालणारा परीट धावत आला, "मालक, पोटात दुखतंय का? बसा, बसा खाली." मी तिथली जागा बदलली.

त्या दिवाळीला साडू निघाले खरे, पण त्यांची छाती पूर्वीची राहिली नव्हती. कापसाची धूळ इतकी वर्षे आत गेलेली. चढावर ते फुलझाडे बघायला थांबू लागले, आणि फुलझाडे कधी नव्हती इतकी निघू लागली. पहाटेचा भोंगाही एकच व्हायचा. शेवटच्या वस्तीवर त्यांनी म्हातारीच्या छपरापुढे बैठक मारली आणि म्हणाले, "साडूभाऊ, खिंडीत तुमी न्या समद्यांना. मी हितं म्हातारीचं ताक पितो." मला वाईट वाटले असे म्हणायला हवे, पण आधी मला आनंद झाला. मी पुढे, सगळे मागे! मुक्कामाची छपरे खाली दिसेनाशी झाली तेव्हा तर मी शीळही घातली.

खिंडीत मी पोरांना ओळीने उभे केले. हात तोंडाभोवती धरले. खंदकातली सगळी तालीम एकवटून आवाज काढला. कडा गप्प. मी पोरांकडे बघेना. सौभाग्यवती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. आणि मग आला! लांब, भरदार, पोटातून आलेला भोंगा, दरीभर घुमला. "बाबा, बोलला! डोंगर तुमच्याशी बोलला!" सुमनने उडी मारून माझा हात पकडला आणि तो वस्ती येईपर्यंत सोडला नाही.

फक्त एवढेच की डोंगर नेहमी समोरून बोलायचा, आणि हा आवाज पाठीमागून, खालून आला होता. शेवटी शेवटी तो फाटला, आणि त्याला खोकल्याची किनार होती. डोंगराला खोकला येत नाही. मी सौभाग्यवतींकडे पाहिले, त्यांनी दुसरीकडे पाहिले.

खाली साडू छपराच्या कुडाला टेकून बसले होते. डोळे लाल, कपाळावर घाम, आणि म्हातारी त्यांची पाठ चोळत पुटपुटत होती, "काय म्हनावं ह्या मानसाला!" मला बघताच त्यांनी तिला हाताने गप्प केले. दम खात खात विचारले, "आला का तुमचा?"

"आला," मी म्हटले.

"मग! मला हितवर ऐकू आला की!"

त्यानंतर आम्ही डोंगरात गेलो नाही. आता दिवाळीत त्यांच्याच ओट्यावर बसतो. गिरणीचा भोंगा झाला की साडू नुसते बोट वर करतात, कारण तेवढाच दम उरला आहे. सुमन त्यांच्याजवळ सरकते आणि म्हणते, "काका, डोंगर बाबांशी कसा बोलला ते सांगा ना." मग ते सांगतात, मध्ये मध्ये थांबून, छातीवर हात ठेवून. गेल्या वर्षीच्या सांगण्यात डोंगर माझ्याशी चार वेळा बोलला होता, यंदा तो सहावर गेला आहे आणि दरीतली पाखरेही उडाली आहेत. सुमन माझ्याकडे डोळे मोठे करून बघते. मी पानाला चुना लावत बसतो. साडूंचा हेवा मी पुष्कळ केला, अजून करतो. पण ओट्यावर बसून ऐकताना, खरे सांगायचे तर, त्यांच्या गोष्टीत जो मी आहे ना, त्याचाच मला सर्वांत जास्त हेवा वाटतो.