कॅसेटवर नाव घातल्यावर

आमच्या घरात नाव घातल्याशिवाय वस्तू वापरायची पद्धत नाही. कळशीपासून चमच्यापर्यंत सगळ्यावर आमचं नाव आहे. त्यामुळे नव्वदीच्या दशकात लेकीला, मुग्धाला, व्हिडिओ गेमची कॅसेट आणली, तेव्हा मी ती सरळ भांड्यांच्या दुकानात नेऊन पाठीवर कोरून घेतलं: ‘चि. मुग्धा हिस आईबाबांकडून सप्रेम भेट’. (बंगळुरात मराठी कोरणारा सापडला, याचाच मला कोण आनंद!)

वर्षभरात मुग्धा कंटाळली.

“बाबा, हा खेळ मला झोपेतसुद्धा येतो. सुट्टीभर हेच खेळू?”

बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारात जुनी कॅसेट देऊन, वर थोडे पैसे घातले की दुसरी जुनी मिळायची. इंदिरानगरहून बसमध्ये घुसमटत आम्ही बापलेक तिथे पोचलो. दुकानदाराने कॅसेट उलटी केली.

“साब, नाम कायको डाले?”

“चोरी ना हो, इसलिए.”

“बराबर. चोरी भी नै हुआ, अब बिकेगा भी नै. लेनेवाला पूछेगा, ये मुग्धा कौन?”

“मी,” मुग्धा म्हणाली.

हार मानून घरी जाण्याइतकं शहाणपण तेव्हा माझ्याकडे नव्हतं. शेजारच्या किल्लीवाल्याकडून कानस मागून मी नाव घासून काढलं. (बोटंही थोडी निघाली.) घामाघूम होऊन कॅसेट पुन्हा पुढे केली. दुकानदाराने त्या खरवडलेल्या पाठीवरून हात फिरवला.

“पैले सिरफ पुराना लगता था, साब. अब चोरी का लगता.”

शेवटी अदलाबदल न करताच, पूर्ण पैसे मोजून, त्याच्याकडची एक जुनी कॅसेट घेतली. घरी लावली. मुग्धाने पहिला डाव सुरू केला.

“बाबा, वरचं चित्रच वेगळं आहे. आत तोच खेळ आहे.”

“अहो,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “हिच्यावरही नाव घालून आणताय का?”

मी पंख्याखाली आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून माझा भाचा निखिल सुट्टीला आला, स्वतःची कॅसेट घेऊन. “ही आमची नवी, कालच आणली,” मुग्धा म्हणाली, आणि त्याला सलग हरवत सुटली. एका दिवसात ही असं खेळते म्हणजे कॅसेटच भारी, अशी निखिलची खात्री पटली. संध्याकाळी तिच्या बदल्यात त्याने आपली कॅसेट आणि वर दोन कॉमिक्स तिच्यापुढे ठेवली.

मामा म्हणून मला राहवेना. “अरे निखिल, जरा ऐक...”

मुग्धा उठली आणि तिने मला हळूच खोलीबाहेर काढलं.

“बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. भाव पडतो.”