माझी दुसरी पाचवी

जासईचं घर सोडलं त्या सकाळी आई गाडीपर्यंत आली आणि माझा डावा पाय तिनेच उचलून आत ठेवला. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तो माझं ऐकेनासा झाला होता. "लवकर ये, बाय," एवढंच ती बोलली.

दुबईला गेलेला चुलतभाऊ फोनवर हसला होता, जासई ते खारघर, तासाभराचीही वाट नाही, हे काय गाव सोडणं? आता याला काय सांगायचं! आमच्या दारात दिवसभर कंटेनरच्या ट्रेलरांची धूळ, आणि माझी स्टेम सेल थेरपी ठरलेली. माझ्याच रक्तातून मूळ पेशी काढायच्या, माझ्याच नसांवर उठलेली प्रतिकारशक्ती केमोने पुसून टाकायची, मग त्या पेशी परत सोडायच्या. नंतर बरेच महिने धूळ नको, गर्दी नको. म्हणून हॉस्पिटलजवळ भाड्याचा फ्लॅट. धाकटी बहीण सोबत आली. आजारी बाबांपाशी आई राहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजार थांबेल अशी आशा आहे, पण गेलेलं परत येईलच असं नाही. मला मात्र पाय हवा होता.

पेशी सोडल्या तेव्हा सिस्टर म्हणाली, आज तुमचा नवा बर्थडे, आता लहानपणच्या लशीही पुन्हा घ्याव्या लागतील. मी गंमत म्हणून आईला सांगितलं. आईने ते खरंच धरलं. पाचव्या दिवशी तिने जासईला माझी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं, बाळाच्या जागी माझी कॉलेजातली ओढणी. आळीतल्या बायकाही जमल्या. हॉस्पिटलच्या बंद खोलीतून मी व्हिडिओ कॉलवर बघत होते, चौतीस वर्षांचं टकलू बाळ. लाज वाटली आणि रडूही आलं.

वर्ष सरलं. एमआरआयमध्ये नवा डाग नाही. पाय मात्र तसाच, काठी सुटली नाही. बहीण बाबांपाशी गेली आणि आई पहिल्यांदाच फ्लॅटवर राहायला आली, तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, सटवाईकडे माझा पाय मागितला होतास ना?

"नाय," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले तेवढंच मागितलं. हाय तेवढं राहू दे. आनि ही जितं राहील तितं तिचं घर होऊ दे."

मला वाटायचं, आई माझ्या परतण्याची वाट बघतेय. खरं तर मीच बघत होते. वर्षभरात या भिंतींना मी एक खिळा मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारावर माझ्या नावाची पाटी लागली. हातोडी माझ्या हातात होती, आणि आईने मला कमरेला धरलं होतं.